तीन बेल आणि सात शेळ्या

डबलबेल रिटायर झाला तेव्हा डेपोतल्या मंडळींनी त्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. त्याने साफ नकार दिला. "चौतीस वर्षं घड्याळाने मला नाचवलंय. आता तेच घरी नेऊन खिळ्याला टांगू आणि रोज त्याचं तोंड बघू?" त्याऐवजी भंगारात निघालेल्या एका जुन्या गाडीची घंटी त्याने मागून घेतली, दोरीसकट. ती घंटी बगलेत मारून आणि ट्रंक डोक्यावर घेऊन तो गावच्या थांब्यावर उतरला, आपल्याच घराच्या फाटकातून आत शिरला, आणि कुत्रं त्याच्यावर भुंकलं.

यात नवीन काहीच नव्हतं. बसचा कंडक्टर म्हणून त्याचा मुक्काम कायम शहरातल्या डेपोच्या खोलीत. घरी यायचं ते आठवड्याच्या सुट्टीला, एका दिवसापुरतं. या चौतीस वर्षांत घरात एकामागून एक तीन कुत्री झाली. आजा भुंकला, बाप भुंकला, आता नातू भुंकत होता. घराण्याची रीत कुणी मोडली नव्हती. दर वेळी बायको आतून ओरडायची, "गप रे, आपलेच आहेत!" कुत्रं गप व्हायचं, पण त्याला पटलंय असं काही दिसायचं नाही.

घर तसं लहानच. तीन खोल्या, मागे गोठा, गोठ्यात सात शेळ्या, अंगणात बारा कोंबड्या, फाटकापाशी तुतीचं झाड आणि कुंपणापलीकडे टेकडी. हा सगळा कारभार बायकोच्या हातात. ती बाई बोलायला कमी, पण जे बोलेल ते ऐकणाऱ्याला दोन दिवस पुरायचं. रिटायर होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डबलबेल मोठ्या उत्साहात स्वयंपाकघरात शिरला. आज आपण चहा करायचा असं त्याने ठरवलं होतं. चार डबे उघडून झाले, पाचव्यातून मुंग्या निघाल्या, आणि शेवटी त्याने हाक मारली, "अगं, साखर कुठे असते?"

बायको गोठ्यातून आली. पदराला हात पुसत तिने त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही बसा बाहेर. पाहुण्यांनी कशाला त्रास घ्यायचा?"

टोमणा असता तर त्याने परतवला असता. चौतीस वर्षं प्रवाशांची तोंडं सांभाळलेला माणूस, जिभेला धार होती. पण तिच्या मनात टोमणा नव्हता. ती खरोखरच त्याला पाहुणा समजत होती. पिशवी उचलायला गेला की "राहू द्या, पाहुण्याच्या हातात ओझं देतात का?" आणि बादली उचलायला गेला की "कपडे खराब होतील तुमचे." डबलबेलला हे फार लागलं.

आता या पाहुणेपणामागे एक जुनं दुखणंही होतं, ते सांगायलाच हवं.

बसमधल्या घंटीची भाषा अगदी साधी आहे. एक बेल म्हणजे थांब. दोन बेल म्हणजे चल. आणि तीन बेल म्हणजे गाडी गच्च भरली, आता वाटेत कुणासाठीही थांबायचं नाही, थेट डेपो. डबलबेल पहिल्या दोन बेलांमुळे गावभर त्याच नावाने ओळखला जायचा, पण डेपोत त्याची ख्याती होती ती तिसऱ्या बेलची. एकदा तीन बेल दिल्या की मग पुढे कुणी का उभं असेना, त्याचा हात पुन्हा दोरीला जायचा नाही. मधेच गाडी थांबवणारे कंडक्टर त्याच्या मते मनुष्यजातीतच जमा नव्हते.

सव्वीस वर्षांपूर्वी भर दुपारी त्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तीन बेल देऊन झाल्या होत्या. गावचा थांबा आला, आणि थांब्यावर त्याची बायको उभी होती, कडेवर वर्षाची लेक. लेकीचा कान फुटला होता आणि तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं. नवऱ्याचीच गाडी म्हणून तिने हातसुद्धा केला नाही, नुसती हसली. गाडी तिच्यासमोरून धूळ उडवत निघून गेली. मागच्या काचेतून डबलबेलला ती लहान लहान होताना दिसली. ती दीड तास चालत डॉक्टरकडे गेली. पुढच्या सुट्टीला तो घरी आल्यावर त्याने तिला नियम समजावून सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. त्यानंतर ती त्याच्या गाडीत कधी चढली नाही. थांब्यावर उभी असली आणि त्याची गाडी आली तर तोंड फिरवून झाडावरचे पक्षी बघायची. लेकीचा कान आठ दिवसांत बरा झाला. बाकीचं राहून गेलं.

तर अशा घरात पाहुण्याचा घरचा माणूस व्हायचं म्हणजे काहीतरी काम हातात घ्यायला हवं होतं. त्याने शेळ्या घेतल्या. घेतल्या म्हणजे बायकोने दिल्या नव्हत्या, ती बाजाराला गेली असताना त्याने कारभाराला सुरुवात केली. घंटी एका जाड काठीच्या टोकाला बांधली, दोरी खाली सोडली, आणि गोठ्याच्या दारात उभं राहून पुकारा केला, "चला, मागचे पुढे सरका!"

शेळ्यांनी रवंथ थांबवून त्याच्याकडे पाहिलं. प्रवासी जसे पाहतात तसंच, म्हणून त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

शेळी हट्टी असते असं म्हणतात ते खरं आहे, पण ज्याने सुट्टीच्या दिवशी शेवटची गाडी काढली आहे त्याच्यापुढे शेळीचा हट्ट तो किती? एक बेल, की सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. दोन बेल, की समोर जे दार उघडं असेल त्यातून चालू पडायचं. तीन बेल, की कुठेही असा, वाटेत कुणाच्या भाजीच्या वाफ्याला तोंड न लावता थेट गोठा गाठायचा, कारण तिथे गव्हाणीत भरडा ओतलेला असतो. भरड्याच्या जोरावर पंधरा दिवसांत सात शेळ्या तयार झाल्या. पुढे जाऊन त्याने तिकीटही सुरू केलं. ट्रंकेत त्याचा जुना तिकीट-पंच होता. सकाळी फाटकात उभं राहून तो तुतीचं एकेक पान तोडायचा, त्याला टक्कन भोक पाडायचा आणि प्रत्येक शेळीच्या तोंडात एक द्यायचा. पान खाल्लं की पुढची. पुढाकार घेणारी दाढीवाली शेळी होती, तिचं नाव त्याने 'चेकर' ठेवलं; खूर दुखावलेली एक होती, तिला बायको आधीपासूनच 'लंगडी' म्हणायची. चेकर का, तर डेपोत एक तिकीट तपासनीस होता, हुबेहूब तसाच चेहरा, तशीच अचानक मागून येऊन उभं राहायची सवय.

बायको हे सगळं बघत होती, बाजारातून, शेजारून ऐकतही होती. एकदा ती स्वतः शेळ्या सोडायला गेली, तर सातही जणी फाटकात रांग लावून उभ्या राहिल्या आणि हलेनात. ओढून पाहिलं, हाकून पाहिलं. शेवटी ओल्या हातांनी सात पानं तोडून द्यावी लागली. भोक नसलेलं पान चेकरने हुंगलं आणि खाली टाकलं.

"अहो," ती घरात येऊन म्हणाली, "जन्मल्यापासून माझ्यामागे चालणाऱ्या शेळ्या तुम्ही बिघडवून ठेवल्यात. उद्या त्या मला सुट्टे पैसे मागतील."

"शिस्त लावली," डबलबेल म्हणाला.

"लावा. आणि एक दिवस त्या शिस्तीतच जातील कुठेतरी निघून."

हे तिचं बोलणं नीट लक्षात ठेवा.

मग लेकीचा फोन आला. ती शहरात असते, नवरा फिरतीवर. पडदे लावताना स्टुलावरून पडली आणि पायाला प्लास्टर. आईने आठ दिवस यावं. बायकोची तयारी अर्ध्या तासात झाली, पण शेळ्यांचं काय? ती म्हणाली, "भावाला सांगते. तो टेम्पो घेऊन येईल आणि सातही घेऊन जाईल."

"मी काय मेलोय का?"

"तसं नाही हो. पण दोन वेळचं दूध काढायचं, पाला आणायचा, गोठा झाडायचा. तुम्हाला कशाला?"

"मी करेन," डबलबेल म्हणाला, आणि आवाज जरा चढलाच. "माझं घर आहे. माझ्या शेळ्या आहेत."

बायको बॅगची चेन ओढत म्हणाली, "ठीक आहे. आठव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने येते. येईन तेव्हा सात दिसल्या पाहिजेत. त्यातली एक जरी कमी असली ना, तर सगळ्या भावाकडे जातील. मग तुम्ही आपले अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचा. जन्मभर."

तिने बाहेर पडताना बॅग उचलली. त्याने हात पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू द्या."

पहिले दोन दिवस डबलबेलचे फार हाल झाले. दूध काढताना लाथ बसली, भांडं कलंडलं, कोंबड्यांनी त्याच्या बुटात अंडी घातली आणि ते पाय घातल्यावर कळलं. गोठा झाडून कंबर धरली. साखर सापडायला दीड दिवस लागला. ती पिठाच्या मोठ्या डब्याच्या मागे, झाकणाला दोरा बांधलेल्या बरणीत होती. दोरा का, तर मुंग्यांसाठी. म्हणजे पंचवीस-तीस वर्षं ही बाई रोज तो दोरा सोडत आणि बांधत होती, आणि याला पत्ता नव्हता. त्या दिवशी चहा झाल्यावर त्याने तो दोरा पुन्हा तसाच बांधून ठेवला.

पण तिसऱ्या दिवसापासून मजा यायला लागली. खोटं कशाला बोलायचं, फारच मजा यायला लागली. सकाळी फाटकात तिकिटं काढून तो शेळ्या घेऊन टेकडीवर जायचा आणि एका सपाट दगडावर बसायचा. टेकडीला वळसा घालूनच गाडीचा रस्ता जात होता. चौतीस वर्षं तो याच रस्त्याने दिवसातून चारदा गेला होता, पण कंडक्टरला खिडकी नसते. त्याला दिसतात ती माणसांची डोकी. या टेकडीला इतकं गवत आहे, त्यात निळी फुलं येतात, खाली ओढ्याच्या कडेला एक खंड्या रोज त्याच फांदीवर येऊन बसतो आणि चुकलेल्या मासोळीबद्दल स्वतःशीच कुरकुरतो, हे त्याला अठ्ठावन्न वर्षं पुरी झाल्यावर कळलं. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते हेही त्याला तिथेच कळलं. त्याने चेकरच्या तोंडापाशी तोंड नेऊन खात्री करून घेतली. चेकरने त्याची टोपी खाल्ली, म्हणजे सगळी नाही, फक्त पुढची बाजू.

लेकीचा रोज फोन यायचा. "बाबा, गाडी कशी चाललीय?"

"वेळेवर. सात सीट, सात प्रवासी."

"आई विचारतेय, लंगडीचा खूर बघितला का?"

"बघितला. धुतला. हळद लावली. आणखी काही तक्रार असेल तर लेखी द्यायला सांग."

पलीकडून लेकीच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि तिच्यामागून आणखी कुणाचा तरी. तो दुसरा आवाज ऐकायला डबलबेल फोन कानाला जरा जास्तच दाबून धरायचा.

सहाव्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. तो पाल्याचा भारा घेऊन फाटकातून आत आला, आणि कुत्रं भुंकलं नाही. त्याने एक डोळा उघडला, शेपटी जमिनीवर दोनदा आपटली आणि डोळा मिटला. डबलबेल भारा डोक्यावर तसाच घेऊन उभा राहिला. मग बाहेर जाऊन पुन्हा एकदा आत आला. तरी भुंकलं नाही.

आठव्या दिवशी दुपारपासून त्याची लगबग सुरू झाली. सातही शेळ्यांना ब्रश केला. लंगडीच्या खुराची पट्टी बदलली. बायको घरी येऊन शेळ्या मोजणारच, तर आपणच थांब्यावर नेऊन दाखवाव्यात, असा बेत त्याने केला. चूक झाली ती इथेच, पण आनंदात माणसाला चुका दिसत नाहीत. घंटीवरून बायको कुरकुर करते म्हणून घंटीची काठी त्याने गोठ्यातच ठेवली. नुसत्या शब्दावर शेळ्या आणून दाखवायच्या, म्हणजे तिच्यापुढे वट वाढेल. तिकीट मात्र दिलं, कारण तिकिटाशिवाय चेकर फाटक ओलांडत नव्हती.

साडेपाचला गाडी आली. या रस्त्याला डेपो नेहमी जुनाट गाड्या पाठवतो, तशीच ही एक, दोरीच्या घंटीची, सगळ्या बाजूंनी वाजणारी. थांब्यावर सात शेळ्या उंचीप्रमाणे रांगेत उभ्या होत्या. सगळ्यात शेवटी बायको उतरली, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पिशव्या आणि डोळ्यांवर लेकीने घेऊन दिलेला मोठा काळा चष्मा. डबलबेलला आधी ती ओळखूच आली नाही. तिने चष्मा न काढता शेळ्यांकडे बोट करून ओठ हलवले. एक, दोन, तीन.

"सात," डबलबेल म्हणाला. "मोज, मोज. पाहिजे तर उलट्या मोज."

"मोजल्या," बायको म्हणाली. मग वाकून लंगडीचा खूर बघितला. "बऱ्या दिसतात."

तिच्या तोंडून 'बऱ्या' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सोन्याचं पदक. डबलबेलची छाती फुगली. आणि त्याच क्षणी गाडीतल्या कंडक्टरने, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, दोरी ओढली. टण-टण.

दोन बेल. समोर उघडं दार. तिकीट खाल्लेलं.

चेकरने कान टवकारले आणि ती शांतपणे गाडीची पायरी चढली. तिच्यामागून एक, दोन, तीन, चार, पाच, आणि शेवटी पट्टी बांधलेला पाय जरा उचलून लंगडी. घाई नाही की गडबड नाही. दोन बेल ड्रायव्हरनेही ऐकल्या होत्या, त्याने गाडी सोडली. डबलबेलचं तोंड उघडंच राहिलं, पण पाय चौतीस वर्षांच्या सवयीचे होते. ते धावले आणि त्यांनी त्याला पायरीवर नेऊन ठेवलं.

आत एकच कल्लोळ. एक बाई सीटवर उभी राहिली होती. एक म्हातारा टाळ्या वाजवत होता. चेकर सरळ कंडक्टरसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने तोंड पुढे केलं. नव्या कंडक्टरकडे तिकिटाचं मशीन होतं, त्यातून कागदाची पट्टी लोंबत होती. चेकरने ती धरली आणि ओढायला लागली. मशीन टर्रर्र करत पट्टी सोडत गेलं, चेकर चघळत गेली. तिच्यामागे बाकीच्या सहा जणी रांगेत.

"ओ! कुणाची आहेत ही जनावरं?" कंडक्टर मशीन छातीशी धरून ओरडला.

"तिकीट मागतायत बिचाऱ्या, देऊन टाका की!" म्हातारा म्हणाला.

डबलबेलने गर्दीतून हात वर घालून दोरी ओढली. टण. गाडी थांबली. शेळ्याही थांबल्या. एक बेल म्हणजे जागच्या जागी उभं राहायचं, त्याप्रमाणे त्या खांबासारख्या उभ्या राहिल्या, चेकर तर चघळायचीसुद्धा थांबली. डबलबेलने ढकललं. प्रवाशांनी ढकललं. कंडक्टरने शिंगं धरून ओढलं. शिस्त म्हणजे शिस्त, एक खूर हलेना.

"तुमच्या आहेत ना? मग उतरवा की!"

दोन बेल द्याव्यात तर गाडी चालू पडेल. शेळ्यांना घरी पाठवणारी हाक एकच होती. डबलबेलने डोळे मिटले आणि दोरी ओढली. टण-टण-टण.

तिसरा टोला संपायच्या आत चेकरने दारातून उडी मारली. तिच्यामागून सहाही जणी धडाधड उतरल्या आणि रस्त्याने उलट्या, बायकोच्या दोन्ही बाजूंनी धूळ उडवत, घराच्या दिशेने सुटल्या. डबलबेल त्यांच्यामागे दाराकडे झेपावला, तेवढ्यात त्याच्या पायात कुणाची तरी टोपली आली. आणि पुढे ड्रायव्हरने, जो सरळमार्गी माणूस होता, तीन बेल ऐकून गिअर टाकला. गाडी भरली, कुणासाठी थांबायचं नाही, थेट डेपो.

"आता डेपोतच उतरा," नवा कंडक्टर कागदाची उरलेली पट्टी गोळा करत म्हणाला. "तीन बेल तुम्हीच दिल्यात. मधे थांबता येत नाही. नियम आहे."

हे वाक्य डबलबेलचंच होतं. त्याने ते हजार वेळा, ह्याच आवाजात, ह्याच तोऱ्यात लोकांना ऐकवलं होतं. त्याने मागच्या काचेतून पाहिलं. थांब्यावर बायको उभी होती, काळा चष्मा कपाळावर सरकवून, दोन्ही हातांत ओझं. ती लहान लहान होत चालली होती.

सव्वीस वर्षांपूर्वी अशाच काचेतून हेच दिसलं होतं, आणि तेव्हा त्याला वाटलं होतं की आपण आपलं काम चोख केलं. त्याने हात वर केला.

"ओ, दोरीला हात लावू नका!"

टण.

ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि करकचून ब्रेक दाबला. नवा कंडक्टर म्हणाला, "तीन बेलनंतर एक? एवढे जुने कंडक्टर दिसता तुम्ही, लाज नाही वाटत?"

"वाटते हो," डबलबेल पायरीवरून उतरत म्हणाला. "फार उशिरा वाटली."

परत चालत यायला त्याला पाच-सात मिनिटं लागली. बायको थांब्यावरच होती, बॅग आडवी करून तिच्यावर बसलेली. शेळ्यांच्या खुरांची धूळ तिच्या केसांवर बसली होती.

"तू अजून इथेच? शेळ्या..."

"शेळ्या गेल्या घरी. तीन बेल ऐकून कुठे जातात ते मला माहीत आहे." तिने बांगडीवरची धूळ झटकली. "मी तुमची गाडी बघत होते."

"तीन बेल द्याव्या लागल्या. दुसरा इलाजच नव्हता."

"ऐकल्या. म्हटलं, गेले आता थेट डेपोत." तिने पिशवी मांडीवर घेतली. "मग लांबून एक ऐकू आली."

"एक दिली."

"थांबवली त्याने?"

"शिवी घातली. पण थांबवली."

बायको उठली, चष्मा पिशवीत टाकला. मग बॅग उचलली, आणि ती आपल्या हातात न धरता त्याच्यापुढे केली. "धरा. जड आहे."

खरंच जड होती. लेकीने आईला काय काय बांधून दिलं होतं कोण जाणे. डबलबेलने ती खांद्यावर मारली आणि दोघं चालायला लागली. अर्ध्या वाटेवर ओढ्याच्या पुलावर आल्यावर बायको पुढे बघत म्हणाली, "सव्वीस वर्षं लेट आली तुमची गाडी."

"चुकलंच माझं," डबलबेल म्हणाला. हे दोन शब्द बोलायला त्याला पुलाची या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी लागली.

"आली ना पण," ती म्हणाली, आणि मग लगेच, "त्या खंड्याला बघा, कसा बसलाय."

"रोज तिथेच बसतो," डबलबेल म्हणाला.

घराचं फाटक उघडंच होतं. गोठ्यात सात शेळ्या आपापल्या जागेवर गव्हाणीत तोंड घालून उभ्या होत्या. चेकरच्या तोंडातून तिकिटाची वीतभर पट्टी लोंबत होती. उतरतं ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून की थट्टेने कोण जाणे, बायकोने पिशवीतून काढून तो काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि आत पाऊल टाकलं. कुत्रं ताडकन उठलं आणि तिच्यावर भुंकायला लागलं.

"मेल्या! आठच दिवस झाले की रे!"

"गप रे," डबलबेल बॅग उतरवत कुत्र्यावर ओरडला, "आपल्याच आहेत." आणि बायकोकडे वळून म्हणाला, "त्याला वाटलं, पाहुणे आले."

बायकोने पिशवी त्याच्या पाठीत हाणली. मग हसायला लागली ती थांबेचना, शेवटी तुतीच्या झाडाला धरून उभी राहिली. "आले ना पाहुणे? मग करा चहा," ती डोळे पुसत म्हणाली आणि अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

डबलबेल आत गेला. चूल पेटवली, आधण ठेवलं. पिठाचा मोठा डबा बाजूला केला, बरणी काढली आणि झाकणाचा दोरा सोडला. साखर कुठे आहे, असं त्याने विचारलं नाही. बाहेर खुर्चीवर बायको कान देऊन बसली होती, तिने त्या हाकेची बराच वेळ वाट बघितली.